मावशीची खांदेपट्टी

पडदा वर जातो तेव्हा समोर एकच बाई दिसते. उजवीकडे तिचं शिलाई मशीन, डावीकडे चाकं काढून ठोकळ्यांवर ठेवलेली शर्यतीची गाडी. मधोमध तुळईवरून चेनपुली लोंबते आहे, इंजिनं उचलायची. तेलाचा वास, इस्त्रीची वाफ. तोंडात टाचण्या धरून बाई मेस्त्रीला रागावते आहे, आणि टाचण्यांमुळे एक अक्षर कळत नाही. ही आमची मावशी.

खरं तर ती एकाच मुलाची मावशी, पण शर्यतीच्या गाड्यांच्या त्या अख्ख्या कारखान्याने तिला वाटून घेतलं होतं. त्याआधी ती आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळायची. मी राजाच्या भूमिका करायचो, म्हणून मला शेवटपर्यंत ‘राजे’ म्हणाली, मी तिच्याकडून चहा उसना पिऊन जात असलो तरी. कंपनी बंद पडली तेव्हा भाच्याने तिला या कारखान्यात आणलं. बहिणीच्या मागे मावशीनेच वाढवलेला हा मुलगा इथे चालक होता. एका माणसापुरतीच जागा असलेल्या, सगळ्यांत वेगवान गाड्यांचा.

लोक या शर्यतींचा इतिहास इंजिनांवरून सांगतात. मावशी कापडावरून सांगायची. कपाटात पडलेले जुने सुती सदरे काढून ती दाखवायची: हे इंजिन पुढे होतं तेव्हाचे, बघा, छातीवर तेलाचे शिंतोडे अजून तसेच. मग इंजिन मागे गेलं, चालक जवळजवळ निजून गाडी हाकू लागला, आणि पाठीची शिवण टोचते म्हणून तिने ती बगलेकडे नेली. लवकर पेटू नयेत म्हणून कपडे टाकणखाराच्या पाण्यात बुडवून वाळवायचे. ते इतके कडक होत की भाचा म्हणायचा, मी घरी राहतो, हे एकटेच शर्यत पुरी करतील. पुढे न पेटणारं कापड आलं, टायर रुंद झाले, गाड्यांना जमिनीला दाबून धरणारे पंख फुटले.

त्या पंखांच्या काळात नव्या पोशाखाचा नमुना आला. दोन्ही खांद्यांवर जाड पट्ट्या. त्या पाहून मावशीला आमच्या नाटकातला सेनापती आठवला. तोच नट पुढच्या प्रवेशात भिकारी व्हायचा, आणि मधे वेळ नसायचा. म्हणून त्याच्या खांद्यांवरच्या सोनेरी पट्ट्या ती कच्च्या टाक्यांनी अडकवायची. एक हिसका दिला की हातात. या नव्या पट्ट्याही मिरवण्यासाठीच असणार, असं तिने धरलं. धुताना काढता याव्यात म्हणून कच्चे टाके घातले, आणि ते दिसू नयेत म्हणून वर सुबक गोट लावला. पट्ट्या कशासाठी असतात हे तिला कुणी सांगितलं नाही, कारण ते सगळ्यांनाच माहीत असतं असं सगळ्यांना वाटत होतं.

त्याच मोसमात एका वळणावर भाच्याची गाडी कठड्यावर आदळली आणि मागून पेटली. मावशी आणि मी पलीकडे उभे होतो. मदतीला धावलेल्या माणसाने वाकून भाच्याची खांदेपट्टी धरली आणि जोर लावला. पट्टी त्याच्या हातात आली, आणि भाचा पुन्हा आत घसरला. दुसऱ्याने बगलांत हात घालून त्याला बाहेर काढलं, पण तेवढ्यात त्याचे दोन्ही हात भाजले होते.

संध्याकाळी तो मदतीचा माणूस कारखान्यात आला. रागावला नाही बिचारा. पट्टी मशीनवर ठेवून म्हणाला, “बाई, ही शोभेची नसते. ही मूठ असते, माणूस बाहेर ओढायची.”

मावशीने पट्टी उलटी करून आपलेच टाके पाहिले आणि मशीन कापडाने झाकून टाकलं. पोशाख यापुढे बाहेरून शिवून घ्यायचे असं मालकाने ठरवलं, तेव्हा बरोबर आहे म्हणाली. मी समजूत घालायला गेलो, भारदस्त आवाज लावला. हे वाक्य मागच्या नाटकातलं आहे राजे, म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

हात बरे झाल्यावर भाचा नव्या कापडाचा तागा काखेत मारून तिच्याकडे आला. बसेन तर तुझ्या शिवणीत, नाहीतर गाडीत बसणारच नाही, असं त्याने सांगून टाकलं. लहानपणीचा हट्ट इथे नको, म्हणत ती उठून जाऊ लागली.

“आपले हात बघ जरा,” ती म्हणाली.

“बघूनच आलोय. दुसऱ्या शिंप्याला हे हात आठवणार आहेत का, मावशी?”

ती शिवायला बसली. पट्टी खांद्यावरून पार पाठीत खोल नेली, जाड दोऱ्याने बखियावर बखिया घातला. मग भाच्याला पोशाख चढवून चेनपुलीखाली उभं केलं, दोन्ही पट्ट्यांत आकडे अडकवले आणि स्वतः साखळी ओढू लागली. आमच्या नाटकात देव वरून खाली यायचे. वर निघालेला देव मी पहिल्यांदाच पाहिला. हातातली कामं टाकून सगळे जमले. मेस्त्रीने विचारलं, “काय मावशी, वाळत घालताय का?”

“फार बोलतोस. धर त्याचे पाय आणि लोंब.”

मेस्त्री लोंबला. भाचा वरून ओरडायचं ते ओरडला. मावशीची नजर टाक्यांवरून हलली नाही, आणि टाकेही हलले नाहीत. सगळं खाली उतरल्यावर मात्र ती तिथेच ठोकळ्यावर बसली आणि बाहीने डोळे पुसत राहिली. भाचा शेजारी बसला, आकडे तसेच खांद्यांत.

तो पुन्हा शर्यतीत उतरला. कधी जिंकला, बरेचदा नाही; पण दर वेळी आपल्या पायांनी घरी आला. त्यानंतर टांगून पाहिल्याशिवाय एकही पोशाख कारखान्याबाहेर गेला नाही. दुसऱ्या कारखान्यांचे चालकही गुपचूप येऊन लटकून जात. पुढे गाडीत डोक्याभोवती मजबूत कडं आलं, तेव्हा मावशी कौतुकाने म्हणाली होती, चला, कुणीतरी गाडीलाही नीट शिवलं.

अखेरच्या आजारात मी तिला भेटायला गेलो तेव्हा भाचा उशाशी होता, केस पिकलेला. ती पलंगावरून खाली सरकली होती, म्हणून तिला वर घ्यायला तो वाकला. त्याच्या त्या सुरकुतल्या, भाजल्या हातांनी इस्पितळाच्या झग्याचे खांदे धरले. मावशीने डोळे उघडले. आवाज अगदी बारीक, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा.

“तिथे धरू नकोस रे. बगलेत हात घाल. हा झगा मी शिवलेला नाही.”