बोगद्यातली माणसं

आमच्या जेवणाच्या टेबलावर गेली कित्येक वर्षं कुणी जेवलेलं नाही. तिथे आमच्या ह्यांची छोटी रेल्वे आहे. रद्दी आणि प्लास्टरचे डोंगर, स्पंजची झाडं, आणि रुळांखालची माती म्हणजे माझ्या चहाचा वाळवलेला चोथा. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो आणि गाडी टेबलावर ऐसपैस फिरते. फिरते म्हणजे, तिच्या मनात आलं तर. जरा धूळ बसली की अडते, आणि फ्रीजजवळच्या वळणावर शेवटचा डबा हमखास घसरतो. मग हे तासभर वाकून रूळ पुसत बसतात. देवाची भांडीसुद्धा ह्यांनी कधी एवढ्या मायेने घासली नाहीत.

काल दुपारी वीज गेली आणि गाडी नेमकी बोगद्यात अडकली. ह्यांनी अख्खा डोंगर उचलून बाजूला ठेवला.

"अहो, वीज आली की येईल की बाहेर," मी म्हटलं.

"तोवर माणसांनी अंधारात बसायचं?"

डबे रिकामे आहेत. मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे. पण ती एवढीशी गाडी गोल फिरून त्याच स्टेशनात परत येते, तेव्हा ह्यांचा चेहरा पाहावा. घरातलं कुणी लांबच्या प्रवासाहून सुखरूप आल्यासारखा खुलतो.

थोड्या वेळाने वीज आली. डोंगर जागेवर बसला, गाडी निघाली. मी आत चहा गाळत होते, तेवढ्यात फ्रीजजवळून तो ओळखीचा खडखडाट ऐकू आला. हातात गाळणी तशीच घेऊन मी बाहेर धावले.

"अहो, कुणाला लागलं नाही ना?"