कौतिकभाऊ आणि अक्काची रोपं

निंबोल्याचे कौतिकभाऊ स्वस्थ बसलेत असं कुणी सांगितलं, तर गाव आधी डॉक्टरला बोलावील. चहासुद्धा ते चालता चालता पितात. अर्धा पोटात जातो, अर्धा सदऱ्यावर. पण राखीच्या सकाळी त्यांच्या येरझारा पाहून बायको मनकर्णासुद्धा वैतागली. "अंगण झिजंल, जरा टेका की!"

टेकणार कसे? मिरचीचं रोप विकत घ्यायचं नाही, नात्यातल्या माणसाकडून आणायचं, ही त्यांच्या घरची रीत. यंदा चांदनी गावाहून थोरल्या बहिणीने, भागाबाई अक्काने, रोपं धाडली. पानं जराशी वळलेली होती. पण बहिणीचा मान! भाऊंनी ती थेट वावराच्या मधोमध लावली. राखी येईपर्यंत मधल्या ओळी पार चुरडल्या: पानांच्या वाट्या, शेंडे खुजे, फुलाचा पत्ता नाही. आणि रोग कडेकडे सरकत होता.

बुऱ्हाणपूरच्या कृषितज्ज्ञ वंदनाबाईंनी पानं तपासून आणली होती. आदल्या दिवशीच त्या येऊन गेल्या.

"काका, विषाणू तुमच्या वावरात आधीपासून होता. पानं वळायची, पण मिरच्या लागायच्या ना?"

"लागायच्या की."

"आता त्याच्याबरोबर डीएनएचा छोटा तुकडा आलाय. उपग्रह डीएनए. त्याला एकट्याला वाढता येत नाही, विषाणूच्या जिवावर जगतो. पण झाडाची लढायची ताकद तोच मोडतो, मग रोग भडकतो."

"म्हणजे आमच्या शेजारच्या मोतीलालचा साला! राहायचं दुसऱ्याच्या घरात, आणि घरात आग लावायची."

वंदनाबाई हसल्या. "पांढरी माशी दोघांनाही झाडाझाडावर नेते. बहुतेक नव्या रोपांतूनच आलाय. मधल्या ओळी उपटून जाळा, कडेच्या कदाचित वाचतील. उशीर नको."

"पण उद्या अक्का येतेय हो! तिचीच रोपं कशी जाळू?"

आणि अक्का आली. राखी बांधताना दोघांचंही लक्ष वावरात.

"मिरची कशी आहे रे?"

"एकदम बढिया! तुझी?"

"झकास!" मग पदराशी चाळा करत ती म्हणाली, "जाताना थोडी रोपं देशील का?"

"झकास आहे, तर रोपं कशाला?"

अक्काचा बांध फुटला. "जाळली रे सगळी! रोगट निघाली. त्यातलीच तुला धाडलेली. कोणत्या तोंडानं सांगू?"

भाऊ ताडकन उठले. ते वावराकडे पळाले, मागून पदर खोचून अक्का. दोघं रोपं उपटत होती आणि तितक्याच जोरात भांडत होती.

"फोन करायचा होतास! मला काल वंदनाबाईंकडून कळलं!"

"आणि तू रे? काल कळलं तरी हातावर हात ठेवून बसला!"

"तुझ्यासाठीच ना, बाई!"

"मेल्या, मिरचीला काय कळतंय मी कोण ते?"

मधल्या ओळींचा ढीग पेटला. मनकर्णा बांधावरून ओरडत होती, पुरणपोळ्या गार झाल्या म्हणून. भाऊ मात्र कडेच्या ओळीत वाकून एकेक पान उलटं करून पांढरी माशी शोधत होते. दुसऱ्या टोकाकडून अक्का तेच करत येत होती.