उसाच्या गावातला भात

“आमच्या वरकुट्यात भात पिकतोय,” असं मैत्रीण शुभांगी फोनवर म्हणाली तेव्हा मी हसलेच. इंदापूर तालुका म्हणजे ऊस! मी भोरची, भातावर वाढलेली. म्हटलं, बघूनच येऊ. शुभांगीला रजा मिळेना, पण तिचे वडील, तात्या, घरी होते. दिवाळी उलटल्यावर गाडी काढली.

सासवड, जेजुरी, नीरा करत बारामतीकडे या. रस्ता बरा आहे, पण कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात आणि त्यांना मागे दिवा नसतो. उजेडी पोचा, उगाच शहाणपणा नको. वडगाव निंबाळकरला मिसळ खाल्ली. तर्री झणझणीत, पाव शिळा. पुढे वालचंदनगरवरून वरकुटे.

तात्यांनी थेट रानात नेलं. पाणी देऊन देऊन हा पट्टा चोपण झालाय, जमीन चिकट-घट्ट आणि वर खाराचा पांढरा थर. ऊस येईना म्हणून आदल्या वर्षी त्यांनी दुकानातून भाताचं संकरित बियाणं आणलं आणि पोती भरली. त्यातलंच बी राखून या हंगामात पेरलं, भावजय सिंधूबाईंनाही दिलं. सिंधूबाईंचं रान म्हणजे शेजारचा तुकडा, तेवढाच. नवरा गेल्यावर त्या वीटभट्टीला माती विकायला निघाल्या होत्या. तात्यांनीच भाताच्या भरवशावर थांबवलं होतं.

पण तात्यांच्या रानासारखीच सिंधूबाईंच्या वावरातही काही ताटं कमरेएवढी, काही गुडघ्याएवढी. काही लोंब्या झडून गेलेल्या, काही अजून फुलोऱ्यात. मी तात्यांकडे वळले.

“तात्या, संकरित भाताचं बी घरचं धरत नाहीत. दुसऱ्या साली ते एकसारखं उगवत नाही.”

“आता कळलं, पोरी. बाजरीचं दरसाल नवं आणतोच की. पर भाताचं आमाला काय ठावं? उसाचं बेणं घरचंच असतंय. कांडी लावली की तसाच ऊस येतो. वाटलं, ह्येबी तसंच.”

सिंधूबाई बांधावर लोंबी चोळून बघत होत्या. सगळे दाणे पोचट.

“तात्या, भट्टीवाल्याला सोमवारी ये म्हणलंय.”

“सिंधू, एक साल थांब. नवं बी मी देतो.”

“तवर खायाचं काय? तुमच्यावर राग न्हाय माझा. पर आता थांबत न्हाय.”

मला दुकानदाराचा संताप आला. पिशवी देताना एक वाक्य बोलायला काय झालं होतं त्याला?

जेवणात भाकरी, पिठलं आणि तात्यांचा आदल्या सालचा भात होता. चव चांगली होती. दुसऱ्यांदा कुणी घेतला नाही.

तुम्हाला जायचं तर खुशाल जा. खर्च किरकोळ, आणि माणसं जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मला मात्र घरी येऊनही ते वावर डोळ्यांसमोरून हलेना. आता पुढचा पावसाळा तोंडावर आलाय, परवा शुभांगीचा फोन आला. तात्यांनी यंदा नवं बियाणं आणलंय, सिंधूबाईंसाठी वेगळी पिशवी. ती तशीच पडून आहे. पेरायला त्यांच्याकडे आता माती उरली नाही, पुरुषभर खड्डा आहे.