उभी लावलेली कौलं

पाणी शिंपडलेल्या कौलांचा वास आला की मला गदगकडचं ते गाव आठवतं. जर्मन अन् स्विस पाद्र्यांनी पूर्वी वसवलेल्या तसल्याच एका गावातून मी अन् बायको टेम्पोनं मंगळुरी कौलं आणायलो होतो. आमचं मातीचं माळवद दरसाल गळायचं, म्हणून वर कौलं घालायची होती.

चर्चपाशी चहाला थांबलो. तिथल्या एका म्हातारीचा आजा पाद्र्यांच्या कौलांच्या कारखान्यात होता. गाडी बघून ती हसली.

"अण्णा, कडब्यावाणी आडवी कामून रचलास? घरी चुराच नेशील. उभी लाव."

"अक्का, मला शिकवायलीस?" मी म्हणालो.

बायको टेम्पोत चढून एकेक कौल उभं करू लागली. मग मीच तिला उतरवलं अन् सगळी गाडी पुन्हा रचली.

घरी पोचलो तर दोनच फुटली होती. तिच्या बोलण्याचा तवा अपमान वाटला, तिथनं निघताना म्हातारीकडं बघितलंबी न्हाई. आता तेच टोचायलंय. औंदा मी त्या गावी जाणार हाय. ती नसंल, तर तिच्या लेकरांना सांगून येतो, दोनच फुटली म्हणून.