हळदीवरचा फवारा

फवारा काकांना कोणाच्या घरी न्यायचं म्हटलं की आम्ही आधी सबबी शोधायचो. चहा येण्याआधीच ते सोफ्यावरून खाली उतरायचे, उकिडवे बसायचे, गालिच्याचा कोपरा उचलायचे आणि सरळ नाक खुपसून वास घ्यायचे. यजमान बाई ट्रे घेऊन दारात थबकलेल्या, आणि काका खालून विचारायचे, "वहिनी, इथं दूध सांडलं होतं का वो?" सांडलेलं असायचंच. पण असं विचारतं का कोणी? आई डोळ्यांनी खुणा करून दमायची, बाबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायचे आणि मला वाटायचं, आत्ताच्या आत्ता उठून घरी पळावं.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. आमचं गाव गिरडच्या अलीकडचं. तरुणपणी काका दुसऱ्यांच्या कपाशीवर फवारणी करायला जायचे, पाठीवर पंप आणि तोंडाला दुपट्टा. पुढे नागपूरला एका सफाईच्या कंपनीत लागले, तिथे गालिचे आणि सोफे धुण्याचं काम शिकले आणि वर्ध्यात येऊन स्वतःचा धंदा टाकला. टेम्पो जुना, मशीन नवं, आणि पाठीवर पुन्हा पंपच. गिऱ्हाईक घाबरायला नको म्हणून आधीच सांगायचे, "औषधाचा नोहे हा, कोरा घेतला." कपाशी काय अन् गालिचा काय, पहिला फवारा चुकला का सारं गेलं, असं त्यांचं म्हणणं होतं.

गालिचा मशीनने धुण्याआधी त्यावर एक द्राव फवारतात, मळ सुटा होईपर्यंत थांबतात, मग मशीन फिरवतात. धंद्यात त्याला प्री-स्प्रे म्हणतात. काकांचा सगळा जीव त्या प्री-स्प्रेत. त्यांच्याकडे तीन कॅन होते आणि तिन्हींना त्यांनी नावं दिली होती. तेलकट, चिकट मळासाठी जो जहाल द्राव होता ती सासू. लोकरीच्या नाजूक गालिच्यासाठी सौम्य होती ती मावशी. आणि चहाच्या डागांसाठी जी आंबट होती ती नणंद. "सासू काम करते फाडफाड, पण लोकरीवर घातली त लोकर रडते," असं ते कोणालाही सांगायचे, अगदी गिऱ्हाइकाची सासू समोर बसलेली असली तरी. आईने एकदा त्यांना बजावलं, "भाऊजी, नावं तरी बदला." तर म्हणाले, "मंग तुमचं नाव देऊ का एखादीले?"

पण कॅन उघडण्याआधी त्यांची चौकशी चालायची आणि ती मोठी मजेची असे. गालिच्याचा एक धागा उपटायचा, काडी लावायची आणि धूर हुंगायचा. केस जळाल्यासारखा वास आला तर लोकर, प्लास्टिकचा आला तर नायलॉन. मग प्रश्न. इथं कोण बसते? लेकरू हाय का घरात? जेवता का इथं टीव्हीपुढं? "मळ पाहू नोको, मळ कुठून आला ते पाय," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. शेवटी सोफ्यामागच्या कोपऱ्यात थोडासा फवारा मारून पांढऱ्या फडक्याने दाबून बघायचे. फडक्याला रंग लागला तर कॅन बदलायचे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कोपरा पाहिल्याशिवाय काका पुढे सरकत नसत.

माझं लग्न ठरलं तेव्हा बोलणी करायला आम्ही हिंगणघाटला गेलो. आईने वाटेत काकांकडून वचनच घेतलं होतं की खाली बसायचं नाही. बिचारे अर्धा तास बसले हो धड! मग नवऱ्या मुलाच्या आत्याबाई म्हणाल्या, "हा गालिचा आमच्या वडिलांनी काश्मीरहून आणला." झालं. काका खाली. कोपरा उचलला, नाक लावलं आणि वर बघून आनंदाने म्हणाले, "खरा लोकरीचा हाय! पण याच्यावर मांजर मुतते." आत्याबाईंचा चेहरा पडला. "आमच्याकडे मांजर नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं नसन, पण येते," काका म्हणाले. लग्न मोडलं नाही हे नशीब. परतताना गाडीत आई खिडकीकडे तोंड करून बसली आणि काका मात्र वर्ध्यापर्यंत सांगत होते की त्याले मावशीच लागन.

नशीब हा शब्द मी वापरला, पण काकांसमोर तो वापरायची सोय नव्हती. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. घरातले देव टोपलीत भरून त्यांनी नदीत सोडले, ही गोष्ट आम्ही पाळण्यात ऐकली. बाबा ती गोष्ट भाषणात सांगायचे. काका ती जगायचे. अमावस्येला लोक मशीन घरात घेत नसत, म्हणून काका मुद्दाम अमावस्येला फोन करून विचारायचे, "येऊ का आज?" मांजर आडवं गेलं तर टेम्पो थांबवून त्याला बिस्कीट घालायचे. "देवच काढले घरातून, त भुतं कायले ठेवाचे?" असं म्हणून खदाखदा हसायचे. शेजारपाजारच्या बायकांना ते आवडायचं नाही. मला फार आवडायचं.

माझ्या लग्नात हळद नको असंच काकांचं मत होतं. आपल्यात कशाला ते, पंचशील घ्या, माळा घाला, मोकळे व्हा. पण आईची हौस होती आणि मैत्रिणींना फोटो हवे होते. काकांनी हात वर केले. "पोरीची हौस हाय त होऊ द्या बाप्पा," म्हणाले आणि सगळ्यात आधी त्यांनीच माझ्या गालाला हळद लावली.

हळद सकाळी वर्ध्यातल्या हॉलच्या स्टेजवर झाली आणि संध्याकाळी त्याच स्टेजवर लग्न होतं. तेलात कालवलेली हळद पोरींनी एकमेकींना फासली, वाटी उलटली आणि हॉलच्या क्रीम रंगाच्या गालिच्यावर पिवळे ओघळ पसरले. मॅनेजर कपाळाला हात लावून उभा. काका नवा सदरा घालून आले होते, तरी बाह्या वर करून टेम्पोकडे पळाले. "फिकीर नोका करू, घरचा माणूस हाय!" त्यांनी डागावर बोट घासलं, नाकाशी नेलं. "तेल हाय. तेलाले सासूच पायजे." आणि पंपात सासू भरली. त्या दिवशी त्यांनी कोपरा पाहिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा नाही पाहिला. पोरीचं लग्न होतं, पाहुणे यायचे होते, घाई होती.

नेमके तेव्हाच नवऱ्याकडचे पाहुणे पोचले. आत्याबाई सजावट बघायला स्टेजजवळ आल्या, मी बाजूच्या खुर्चीत ओले केस सोडून बसले होते, आणि काकांनी फवारा मारला. बघता बघता सगळी हळद लाल झाली. लाल म्हणजे लालभडक. बुद्धमूर्तीच्या चौरंगापासून पायरीपर्यंत नुसतं रक्त सांडल्यासारखं दिसत होतं. "अवो माय! हे काय झालं?" आत्याबाई ओरडल्या. मागून कोणीतरी तो शब्द उच्चारला. अपशकुन.

काका हसले. त्यांना मनापासून गंमत वाटली होती. "काही नाई वो, हळदीले साबण लागला का लाल होते! जाम गावच्या हॉटेलचा गालिचा मरून रंगाचा हाय, तिथं सासू मारतो मी रश्श्याच्या डागावर, पण लाल झालेलं कधी दिसलंच नाई मले. घ्या, आता पाहा," असं म्हणत त्यांनी नणंदेचा आंबट फवारा मारला. लाल पुन्हा पिवळं झालं. जादू बघून टाळ्या पडाव्या तसं त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. कोणी बोललं नाही.

आजही ते आठवलं की लाजेने माझी मान वर होत नाही. हळदीच्या डागावर साबण पडला की तो लाल होतो, हे धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. हॉल बायकांनी भरलेला होता. माझे बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. दरवर्षी पोरांकडून हळदीचा कागद करून घ्यायचे, साबणाच्या पाण्यात बुडवून लाल करून दाखवायचे. मीही त्यांच्याच वर्गात तो कागद केला होता. त्या वेळी एकाने जरी म्हटलं असतं, "हो, खरंय, हळद आहे ती," तर सगळे हसले असते आणि जेवायला बसले असते. पण आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला होता आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. दीक्षा घेतलेल्यांची तिसरी पिढी आमची! लाल रंग पाहिला आणि आमची वाचा बसली.

बाबा पुढे झाले. मला वाटलं आता ते वर्गात सांगतात तसं सांगतील. त्यांनी काकांचा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "तू जरा बाहेर थांब. लग्न लागेपर्यंत."

"काऊन?" काका अजून हसतच होते. "मशीन त फिरवू दे."

"मशीन फिरव. मग थांब बाहेर."

काकांनी एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसून पूर्ण गालिचा धुतला. इतका स्वच्छ की हळद इथे सांडली होती हे सांगूनही पटलं नसतं. त्यावर उभं राहून मी माळ घातली, त्रिशरण पंचशील झालं, फोटो निघाले. फोटोंत काका नाहीत. जनरेटरशेजारी टेम्पोत बसून होते, आईने तिथेच ताट पाठवलं. ताट रिकामं परत आलं, असं आई समाधानाने सांगते. मला तिचं ते समाधानही लाजिरवाणं वाटतं.

नंतर काकांनी कोणाशी भांडण केलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मोठ्या काकांच्या मुलीच्या हळदीला तिच्या आईने त्यांना सांगितलं, "भाऊजी, तुम्ही थेट जेवायलाच या." काका जेवायलाच गेले. कुणाचं डोहाळजेवण, कुणाचं बारसं, काका मागाहून यायचे. आधी ते यावर विनोद करायचे, "माह्यी एंट्री इंटरव्हलनंतर." मग विनोद थांबले आणि बोलावण्याआधीच ते मागे राहायला लागले. आम्हाला सोयीचंच झालं. धंदा मात्र चोख चालू होता. मागच्या उन्हाळ्यात काका वारले, तोवर जामच्या हॉटेलवाल्याने दुसऱ्या कोणाला गालिच्याला हात लावू दिला नाही.

त्याच्या आदल्या वर्षी माझं पहिलं बाळ गेलं. पोटातच गेलं. दवाखान्यातून हिंगणघाटच्या घरी आले तेव्हा काका वर्ध्याहून एकटे आले. माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत. आता माझ्या खोलीत अंथरलेल्या त्या काश्मिरी गालिच्यावर पाय न ठेवता, भिंतीला धरून बाहेरच उभे. किती तरी वेळ तब्येतीचं, औषधांचं विचारत राहिले. मग आवाज एकदम उतरला.

"बेटा, एक विचारू? माह्या त्या फवाऱ्यानं त नाई झालं न हे?"

मी ताडकन उठून बसले. टाके ओढले गेले. "काका! काहीतरीच काय! हळद होती ती. साबणाने लाल होते. तुम्हीच तर सांगितलं होतं सगळ्यांना!"

"हो न," काका म्हणाले. "सांगतलं होतं मी." त्यांनी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पण तवा कोणीच हो म्हणलं नाई न, बेटा."