सुनेची गर्भपिशवी

पाळी गेल्यापासून माझं बीपी चढायला लागलं होतं, म्हणून मी अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेले होते. बाकावर शेजारी शिरूर कासारकडची ऊसतोडीला जाणारी एक बाई होती. सून आत तपासायला गेलेली, आणि ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत दाराकडं बघत होती.

"सुनेच्या अंगावरनं लई जातंय. एका डाक्टरनं सांगितलं, हिची गर्भपिशवी काढा," ती म्हणाली. "माझी तिशीतच काढली, अंडाशयासकट. मग लवकरच बीपी लागलं. हितल्या डाक्टरीनबाई म्हनल्या, अंडाशयातला रस रक्ताच्या नळ्या आतून मऊ ठेवतो. त्यो लवकर बंद झाला की नळ्या लवकर ताठरत्यात. मला तवा कुणी सांगितलंच न्हाई, ताई."

तेवढ्यात सून बाहेर आली. "आत्याबाई, काढायची गरज न्हाई म्हनल्या. गोळ्यांनी बरं हुईल."

बाईनं एकदम मोठा श्वास सोडला. तिला रागवायला कारण पुष्कळ होतं, पण त्या घटकेला तिच्या तोंडावर नुसतं समाधान होतं. तिनं भाकरीचं फडकं सोडलं, मला चतकोर भाकरी दिली आणि उरलेली सगळी सुनेच्या हातावर ठेवली.

"खा निवांत," ती सुनेला म्हणाली. "तुझं म्हातारपण लई लांब हाय अजून."