तीन तासांनी काढलेला केर

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोहोचेपर्यंत आमच्याकडे केर काढत नाहीत.

मुलगा नोकरीसाठी अरुणाचलात, तेजूला निघाला तेव्हा त्यानं मोबाइलवर मला एक नकाशा दाखवला. जळगावचं विमानतळ, तेजूचं विमानतळ आणि मध्ये एक निळी रेघ. "आई, तीन तास फक्त. इथून नाशिकला जायला याहून जास्त लागतात." इतकी सरळ वाट मी जन्मात पाहिली नव्हती. दोन वर्षांत तो चारदा आला-गेला. दरवेळी तो निघाला की मी घड्याळ बघायची आणि तीन तास भरले की केरसुणी घ्यायची.

काल तो गेला, तेव्हाही तीन तासांनी मी केर काढला. आज सकाळी तिकडे तेजूला सुनेला फोन केला, तर ती म्हणाली, "अजून वाटेतच आहेत, आई. विमानं बदलत यावं लागतं. दुसरा दिवस उजाडतोच."

मग त्यालाच विचारलं. "अगं, ते नकाशावरचं अंतर. तसं थेट विमानच नाही. तू रडत होतीस म्हणून सांगितलं."

नकाशाचं काय, त्याला रेघ ओढायला विमान लागत नाही. पण पोटच्या पोरानं? तो कुठल्याशा परक्या विमानतळावर पिशवी उशाला घेऊन पडलेला असायचा आणि इकडे मी, त्याची आई, त्याच्या पावलांची धूळ सुपलीत भरून बाहेर टाकत होते.

संध्याकाळी त्याचा फोन आला, "पोहोचलो गं."

मी "बरं" म्हटलं. केरसुणी अजून कोपऱ्यातच आहे.